रुग्णाच्या घरी

(पाठ-परिचय : माणूस आजारी पडला की त्याला डॉक्टर लागतो, औषध लागते. रुग्णालयातून घरी आल्यावर मात्र त्याला उठवणारे, भरवणारे आणि स्वच्छ ठेवणारे हातही लागतात. घरी जाऊन रुग्णाची काळजी घेणे हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. हे काम कसे चालते, त्यासाठी कोणते शिक्षण लागते आणि त्यातून पुढे कोठवर जाता येते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, उर्दूतील 'तीमारदारी' हा शब्द तुम्हांला ठाऊक आहे. 'तीमार' हा मूळचा फारसी शब्द. त्याचा अर्थ काळजी. ज्याला दुसऱ्याच्या दुखण्याची काळजी आहे, तो तीमारदार. मराठीत या कामाला 'शुश्रूषा' म्हणतात. हा शब्द संस्कृतातून आला असून त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. रुग्णाची काळजी करणे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे, या दोन गोष्टींवरच हे सारे काम उभे आहे.

हे काम जुने आहे आणि मोठ्या माणसांनी ते केले आहे. इस्लामच्या आरंभीच्या काळात मदीनेमध्ये रुफैदा अल् अस्लमिया या महिलेने मशिदीच्या आवारात तंबू उभारून जखमींची शुश्रूषा केली, असे इतिहास सांगतो. इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर एक छोटे पुस्तक लिहिले. ते त्यांनी मुख्यतः घरी आजारी माणसाला सांभाळणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी लिहिले होते. आपल्या पुण्यात १८९७ साली प्लेगची साथ आली, तेव्हा सावित्रीबाई फुले रुग्णांच्या सेवेला धावल्या. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि त्यांचे निधन झाले.

पूर्वी घरात माणसे पुष्कळ असत. आजोबा अंथरुणाला खिळले, तर सुना, मुले, नातवंडे आळीपाळीने त्यांच्याजवळ बसत. आज घरे लहान झाली आहेत. कमावणारी माणसे सकाळी बाहेर पडतात, ती रात्री परततात. दुसरीकडे आयुष्य वाढले आहे. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आता ते ७० वर्षांच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षे व त्यापुढील वयाची माणसे दहा कोटींहून अधिक होती. महाराष्ट्रात दर शंभर माणसांमागे सुमारे दहा माणसे या वयाची होती. शिवाय शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालाही रुग्णालये आता लवकर घरी पाठवतात. त्यामुळे मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत घरी येऊन काळजी घेणाऱ्या प्रशिक्षित माणसाची गरज वाढली आहे. अशा माणसाला 'गृह आरोग्य साहाय्यक' म्हणता येईल. अभ्यासक्रमात त्याचे नाव 'होम हेल्थ एड' असे आहे. लोक मात्र त्याला 'ब्रदर' आणि तिला 'सिस्टर' किंवा 'मावशी' म्हणतात.

कामाचा दिवस

समजा, एका घरी सत्तर वर्षांचे आजोबा आहेत. पक्षाघातामुळे त्यांची उजवी बाजू लुळी पडली आहे. साहाय्यक सकाळी आठ वाजता येतो. प्रथम तो साबणाने हात धुतो. बोटांच्या बेचक्या, नखे, मनगटे असे सगळे नीट धुतो. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर, दरवेळी हात धुवायचे, हा या कामातला पहिला नियम आहे. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते बहुतेक वेळा हातांवरूनच फिरतात.

मग तो ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजतो व वहीत लिहितो. निरोगी प्रौढ माणसाचे तापमान ९८.६ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. विश्रांतीच्या वेळी नाडीचे ठोके मिनिटाला ६० ते १०० आणि श्वास १२ ते २० असतात. रक्तदाब १२०/८० च्या आसपास असावा लागतो. २०२० साली करोनाची साथ आल्यापासून बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही घरोघरी परिचयाचा झाला आहे. आकडा कालच्यापेक्षा फार वेगळा आला, तर साहाय्यकाने ते लगेच घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवायचे असते.

त्यानंतर तोंड धुणे, अंग पुसणे, कपडे बदलणे. हे काम सोपे वाटते. पण त्यातही शास्त्र आहे. सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत घालायचा, मग चांगला. काढताना उलट करायचे : आधी चांगला हात बाहेर, मग लुळा. असे केले म्हणजे दुखरा हात पिरगळला जात नाही. अंग पुसताना जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवायचा. बाकीचे अंग चादरीने झाकायचे. हात लावण्याआधी 'आजोबा, आता मी तुम्हांला कुशीवर वळवतो हं,' असे सांगायचे. आजारी माणसाची ताकद गेलेली असते, लाज गेलेली नसते. त्याचा आब राखणे हेही औषधाइतकेच आवश्यक आहे.

जेवण कधीही आडवे निजवून भरवायचे नाही. आडव्या माणसाच्या श्वासनलिकेत घास जाण्याची भीती असते. रुग्णाला उशांचा टेका देऊन ताठ बसवायचे, लहान घास तोंडाच्या चांगल्या बाजूला द्यायचा आणि तो गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा घास द्यायचा. जेवणानंतरही सुमारे अर्धा तास बसवून ठेवायचे.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा मोठा शत्रू म्हणजे शय्याव्रण. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्यांची हाडे या ठिकाणी शरीराचा भार सतत पडतो. तेथला रक्तप्रवाह कमी होतो. आधी कातडी लाल होते, मग जखम होते. ही जखम हाडापर्यंत जाऊ शकते आणि तिच्यातून जंतू शरीरभर पसरले, तर रुग्ण दगावूही शकतो. ती टाळण्याचा उपाय मात्र साधा आहे. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही, अंग कोरडे ठेवायचे आणि लाल झालेला भाग चोळायचा नाही. रात्री दोन वाजता, चार वाजता उठून कोणीतरी कूस बदलली, म्हणून एक माणूस जखमेपासून वाचतो. हे काम कोणाच्या नजरेस येत नाही, पण त्यावर प्राण अवलंबून असतात.

रुग्णाला खाटेवरून खुर्चीत बसवतानाही कौशल्य लागते. चाकाच्या खुर्चीचे ब्रेक आधी लावायचे. खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला ठेवायची. त्याला काखेत धरून ओढायचे नाही. आपले गुडघे वाकवायचे आणि पाठ सरळ ठेवायची. नाहीतर रुग्ण उठेल आणि आपली कंबर धरेल.

रुग्णाची भाषा

तुम्ही शाळेत मराठी का शिकता, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडत असेल. या व्यवसायात त्याचे उत्तर पहिल्याच दिवशी मिळते. आजी 'आप' म्हणणार नाहीत आणि 'दर्द' म्हणणार नाहीत. त्या आपले दुखणे त्यांच्या मराठीत सांगतील.

मराठीत दुखण्याच्या नाना तऱ्हा आहेत. दात 'ठणकतो'. गळू 'ठसठसते'. पोटात 'कळ' येते. पाठीत एकदम 'चमक' भरते. काटा 'सलतो'. जखमेची 'आग' होते. छातीत 'जळजळते'. अंगात थोडा ताप असला तर 'कणकण' आहे म्हणतात आणि थंडी वाजून अंग कापू लागले तर 'हुडहुडी' भरली म्हणतात. उर्दूत जिला मतली म्हणतात, ती 'मळमळ'. दम लागणे म्हणजे 'धाप लागणे'. 'पायाला मुंग्या आल्या' असे आजी म्हणाल्या, तर चादरीवर मुंग्या शोधू नका! पाय बधिर होऊन त्यात झिणझिण्या येणे, असा त्याचा अर्थ आहे. मधुमेह असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही गोष्ट डॉक्टरांना सांगण्यासारखी असते.

यातला फरक नीट समजला पाहिजे. 'छातीत जळजळ' बहुधा पित्ताची असते. पण 'छातीत कळ येऊन ती डाव्या हातात जाते, घाम सुटला आहे' असे कोणी म्हणाले, तर एक क्षणही दवडता कामा नये. तोंड एकाएकी वाकडे होणे, एक हात वर न उचलणे, बोबडे बोलणे ही पक्षाघाताची चिन्हे आहेत. अशा वेळी १०८ या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवायची. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून चालू आहे. त्रास किती वाजता सुरू झाला ती वेळही वहीत टिपून ठेवायची, कारण पुढचे उपचार त्यावर ठरतात.

आणखी एक गोष्ट. उर्दूत वडीलधाऱ्यांना आपण 'आप' म्हणतो आणि बरोबरीच्यांना 'तुम'. मराठीत वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' म्हणतात. ते आदराचेच आहे. 'तुम्ही बसा', 'तुम्ही औषध घेतलंत का?' असे बोलावे. चुकूनही 'तू' म्हणू नये. आजोबा, आजी, काका, काकू अशी हाक मारली की परके घर हळूहळू आपलेसे होते.

काय करू नये

साहाय्यक हा डॉक्टर नव्हे आणि परिचारिकाही नव्हे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीची वेळ झाली, याची आठवण त्याने करून द्यावी. गोळी कमीजास्त करणे, स्वतःच्या मनाने औषध देणे, इंजेक्शन टोचणे ही कामे त्याची नाहीत. लघवीची पिशवी रिकामी करणे, ती नेहमी रुग्णाच्या कमरेच्या खाली ठेवणे हे त्याचे काम आहे. पण नळी बदलणे हे परिचारिकेचे काम आहे. घरच्यांनी आग्रह केला तरी नम्रपणे 'हे मला करता येणार नाही' असे सांगावे. आपली मर्यादा ओळखणारा साहाय्यकच भरवशाचा असतो.

ज्या घरात आपण काम करतो, तेथले बोलणे, पैसा, भांडण यांतले काहीही बाहेर सांगू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाशी वाद घालू नये. आजी 'मला माहेरी जायचंय' म्हणाल्या, तर 'तुमचं माहेर आता कुठे राहिलं?' असे बोलू नये. त्यांना माहेरच्या गोष्टी विचाराव्यात. थोड्या वेळाने त्यांचे मन शांत होते.

शिक्षण आणि पुढची वाट

या कामासाठी देशात आरोग्य क्षेत्र कौशल्य परिषदेने अभ्यासक्रम ठरवून दिला आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतही या व्यवसायाचा समावेश करण्यात आला. प्रशिक्षण काही महिन्यांचे असते. त्यात वर्गातील शिक्षणाबरोबर रुग्णालयातील प्रत्यक्ष कामही करावे लागते. परीक्षा झाल्यावर प्रमाणपत्र मिळते. दहावी झाली असेल तर वाट सोपी होते. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच या कामाकडे वळावे.

मुलांनो, हे काम केवळ मुलींचे आहे असे समजू नका. पुरुष रुग्णाला उचलण्यासाठी, अंघोळ घालण्यासाठी पुरुष साहाय्यकच हवा, असे अनेक घरांत सांगतात. त्यामुळे मुलांनाही या कामात मागणी आहे. काम घरांपुरतेच नाही. रुग्णालये, वृद्धाश्रम, तसेच असाध्य आजाराच्या रुग्णांसाठी चालवलेल्या संस्था यांनाही अशी माणसे लागतात. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली स्थापन झालेले शांती आवेदना सदन ही अशा प्रकारची भारतातली पहिली संस्था होय. केरळने २००८ साली यासंबंधी स्वतंत्र धोरण आखले आणि तेथे पंचायतींच्या मदतीने रुग्णांच्या घरी जाऊन सेवा दिली जाते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट नीट वाचा. साहाय्यकाच्या प्रमाणपत्राने कोणी परिचारिका होत नाही. परिचारिका होण्यासाठी मान्यताप्राप्त शिक्षण घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी बारावी आवश्यक आहे. ए.एन.एम. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जी.एन.एम. चा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा आहे. बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय घ्यावे लागतात. 'दहावीनंतर सहा महिन्यांत नर्स व्हा' अशी जाहिरात दिसली, तर फी भरण्याआधी त्या संस्थेचे नाव परिषदेच्या यादीत आहे का, ते पाहा. नसेल, तर तो कागद भिंतीवर लावण्यापलीकडे उपयोगाचा नाही. वडिलांनी पै पै जमवलेला पैसा अशा ठिकाणी बुडू देऊ नका.

घरच्या अडचणीमुळे लवकर कमवावे लागले, तरी शिक्षण सोडू नका. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येते. मुंबईत रात्रशाळा आहेत. दिवसा साहाय्यकाचे काम, रात्री अभ्यास, मग बारावी आणि त्यानंतर परिचर्येचे शिक्षण अशी पायरी पायरीने चढता येणारी ही वाट आहे. परदेशांतही मागणी आहे. कुशल कामगारांसंबंधी भारत आणि जपान यांच्यात २०२१ साली करार झाला. त्यात वृद्धांच्या शुश्रूषेचाही समावेश आहे. तेथे जाण्यासाठी जपानी भाषेची आणि कामाची परीक्षा द्यावी लागते. मात्र परदेशी जाताना भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्याच एजंटाशी व्यवहार करावा.

आपले हक्क

या व्यवसायाची दुसरी बाजूही तुम्हांला सांगितली पाहिजे. काम बारा बारा तासांचे असते, काही ठिकाणी चोवीस तासांचे. काम मिळवून देणारे ब्यूरो मिळणाऱ्या पैशांतून आपला हिस्सा घेतात. पगार अनुभव, शहर आणि रुग्णाच्या स्थितीप्रमाणे बदलतो आणि कष्टांच्या मानाने अनेकदा कमी असतो. काही घरांत साहाय्यकाकडून भांडी-झाडूही करून घेतात. म्हणून कामाला सुरुवात करण्यापूर्वीच सर्व लेखी ठरवावे : कामाचे तास, कोणती कामे, पगार, ब्यूरोचा हिस्सा, आठवड्याची सुट्टी, जेवण आणि रात्री झोपण्याची जागा. सणावाराची सुट्टी हवी असेल, तर तीही आधीच सांगावी. आपली मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नयेत. छायाप्रत द्यावी.

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या संरक्षणासाठी २०१३ साली कायदा झाला. त्या कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. मुलींनी हे जरूर लक्षात ठेवावे. कामाच्या घराचा पत्ता आणि फोन क्रमांक आपल्या घरच्यांना देऊन ठेवावा. असंघटित कामगारांची नोंद करण्यासाठी सरकारने २०२१ साली ई-श्रम नोंदणी सुरू केली आहे, तीही करून घ्यावी. संसर्गापासून बचावासाठी हातमोजे वापरावेत आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हिपॅटायटिस बी ची लस टोचून घ्यावी.

मित्रांनो, दुसऱ्याची घाण साफ करण्याचे काम हलके, असे काही लोक म्हणतात. त्यांच्या घरी आई अंथरुणाला खिळली की त्यांना या कामाची किंमत कळते. काम हलके नाही. मात्र ते नीट शिकावे लागते आणि त्याचा योग्य मोबदला मागावा लागतो. तुम्ही पुढे हा व्यवसाय निवडा किंवा निवडू नका, या पाठातल्या चार गोष्टी तरी आजच करता येतील. घरी कोणी आजारी असेल, तर हात धुऊन त्यांच्याजवळ बसा, त्यांना ताठ बसवून भरवा, त्यांची कूस बदला आणि ते काय म्हणतात ते पूर्ण ऐकून घ्या.

शब्दार्थ

शुश्रूषा – तीमारदारी. आयुर्मान – जगण्याची सरासरी वर्षे. पक्षाघात – फालिज, लकवा. शय्याव्रण – सतत अंथरुणावर पडून राहिल्याने होणारी जखम. आब – इज्जत. बधिर – सुन्न. स्मृतिभ्रंश – आठवण नाहीशी होण्याचा आजार. मोबदला – मुआवजा, कामाचे पैसे.

वाक्प्रचार

अंथरुणाला खिळणे – आजारामुळे उठता न येणे. धाप लागणे – दम लागणे. पै पै जमवणे – कष्टाने थोडे थोडे पैसे साठवणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
(आ) सावित्रीबाई फुले यांचे निधन कशामुळे झाले?
(इ) लुळा हात असलेल्या रुग्णाला सदरा घालताना आधी कोणता हात बाहीत घालावा?

२. कारणे लिहा.
(अ) रुग्णाला आडवे निजवून भरवू नये.
(आ) रुग्णाला त्रास किती वाजता सुरू झाला ते टिपून ठेवावे.
(इ) काम सुरू करण्यापूर्वी सर्व गोष्टी लेखी ठरवाव्यात.

३. 'ठणकणे, ठसठसणे, सलणे, चमक भरणे, मुंग्या येणे' यांचा वाक्यांत उपयोग करा. प्रत्येकासाठी उर्दूत कोणता शब्द वापरतात, ते घरी विचारून लिहा.

४. तुमच्या वस्तीतील एखाद्या परिचारिकेला किंवा साहाय्यकाला भेटा. त्यांच्या कामाच्या वेळा, शिक्षण आणि अडचणी यांविषयी पाच प्रश्न मराठीत विचारा व त्यांची उत्तरे वहीत लिहा.